मुलांच्या कुकीला हात लावू नका!

गेल्या रविवारी माझ्या हातून एक गुन्हा घडला. त्यासाठी कुठलं कलम नाहीये, पण असायला हरकत नव्हती.

माझ्या सहा वर्षांच्या भाचीने हत्तीच्या आकाराच्या कुकीवर निळं आयसिंग फासलं होतं. सोंडेवरून ओघळ आलेला, डोळा पोटावर, शेपटीच्या जागी बडीशेपेच्या रंगीत गोळ्यांचा ढीग. मी टूथपिक घेतली, ओघळ पुसला, डोळा उचलून डोक्यावर ठेवला आणि कडेने एक सुबक पांढरी रेघ मारली. दोन मिनिटांचं काम. वर म्हणालो, "बघ, आता कसा मस्त दिसतोय!"

तिने हत्तीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मामा, हा आता तुझा झाला. मला दुसरा दे."

रडली नाही, चिडली नाही. हत्ती माझ्या नावावर करून मोकळी झाली. मी मात्र आठवडाभर तेच वाक्य घोळवतोय. परवा क्लायंटबरोबर कॉल चालू असताना मध्येच हत्ती आठवला. म्हणून आज लिहायला बसलोय, आणि जरा तावातावाने लिहिणार आहे. माझ्यावर, आणि माझ्यासारख्या तमाम काका-मामा-मावश्या आणि आईबाबांवर.

मुद्दा साधा आहे. मुलांबरोबर कुकीज करायच्या असतील तर पिठापासून त्यांना करू द्या, आणि त्यांनी केलेली कुकी दुरुस्त करू नका. हे जमणार नसेल तर सरळ बेकरीत जा. पुण्यात राहून श्रूजबेरीच्या रांगेत उभं राहण्यात काहीच कमीपणा नाही. पण मग "आम्ही मुलांबरोबर कुकीज केल्या" असं म्हणू नका.

आता या भानगडीत मी पडलो कसा ते सांगतो. डिसेंबर सुरू झाला की शहरभर 'कुकी डेकोरेटिंग वर्कशॉप'चं पीक येतं. ताईने भाचीला आणि तिच्या चार वर्षांच्या भावाला अशाच एकाला नेलं होतं. मी ड्रायव्हर म्हणून बरोबर. तिथे प्रत्येक मुलासमोर चार भाजलेल्या कुकीज, रंग भरलेले तीन कोन, अॅप्रन, शेफची टोपी आणि मध्यभागी एक नमुना. नमुन्यासारखं करायचं. दहा मिनिटांत निम्मे कोन आईबाबांच्या हातात गेले होते, कारण मुलांचं काम नमुन्यासारखं होत नव्हतं. मग फोटो, मग प्रमाणपत्र. पाऊण तासात खेळ खलास.

गाडीत बसल्यावर भाचीने विचारलं, "मामा, कुकी कशाची बनवतात?"

कुकीच्या कार्यशाळेतून बाहेर पडलेलं, प्रमाणपत्र मिळवलेलं मूल हे विचारतंय! म्हणजे मैदा दिसला नाही, लोणी दिसलं नाही, भाजताना येणारा वास आला नाही. बिघडू शकेल असं जे जे होतं ते आधीच काढून टाकलं होतं. उरलं काय, तर रंगकाम. त्यातही चूक करायची सोय नाही.

म्हणून ठरवलं, रविवारी घरी करायच्या. सगळं पहिल्यापासून.

कापून केलेल्या बटर कुकीजचं प्रमाण इतकं सोपं आहे की पहिलीतलं मूलही विसरणार नाही: एक भाग साखर, दोन भाग बटर, तीन भाग मैदा. जर्मनीत नाताळच्या आधी घरोघरी अशा कुकीज करतात, आणि तिथे या पिठाला '१-२-३चं पीठ' असंच म्हणतात. आम्ही १०० ग्रॅम पिठीसाखर, २०० ग्रॅम बिनमिठाचं बटर आणि ३०० ग्रॅम मैदा घेतला. वजनकाट्यावर आकडे बघत मैदा टाकायचं काम भाचीकडे. ३१२ झाले की दोन चिमट्या काढायच्या, २९७ झाले की एक घालायची. हा खेळ दहा मिनिटं चालला. मी दहा सेकंदांत आटपलं असतं, पण घाई मलाच होती, तिला नव्हती.

आई बघत होती. म्हणाली, "यात नवीन काय? हे तर शंकरपाळ्याचं मोहन." अगदी बरोबर! मैद्याला तूप किंवा लोणी चोळायचं, मूठ आवळली की मुटका वळला पाहिजे. मैद्याच्या कणांभोवती स्निग्धाचा थर बसला की त्यांना पाणी सहज मिळत नाही, ग्लुटेनची जाळी तयार होत नाही आणि पदार्थ खुसखुशीत होतो. घरचं लोणी घेतलं तर त्यात ताकाचं पाणी राहतं आणि पीठ चिवट व्हायला लागतं. जास्त मळलं तरी तेच. भाचीच्या भावाने एक गोळा अर्धा तास मळमळ मळला होता. त्याचं बदक भाजल्यावर आखडून चिमणीएवढं झालं आणि दाताने तुटेना. त्याला आपण काय केलं ते कळलं. मी सांगितलं असतं तर कळलं नसतं.

लोणी साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळतं आणि लहान मुलाचा तळहात त्याच्या आसपासच असतो. त्यामुळे पीठ पोळपाटाला चिकटणार, लाटण्याला चिकटणार, कपाळाला चिकटणार. उपाय एकच: फ्रीजमध्ये अर्धा तास. हा अर्धा तास म्हणजे सगळ्यात कठीण परीक्षा. दोघं फ्रीजसमोर मांडी घालून बसले होते. इंटरनेट अडकलं की आपण जसे गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत बसतो, तसे.

मग अर्धा सेंटीमीटर जाडीची पोळी लाटायची, साच्याने कापायची आणि १७५ अंशांना दहा-बारा मिनिटं. पहिल्या ट्रेमध्ये भाचीने मोठा हत्ती आणि छोट्या चांदण्या शेजारी शेजारी ठेवल्या. माझी जीभ वळवळली, पण तोपर्यंत मी शहाणा होतो, गप्प बसलो. चांदण्या करपल्या, हत्तीचं पोट फिकट राहिलं. तिने ट्रेकडे बराच वेळ पाहिलं आणि दुसऱ्या ट्रेमध्ये सगळ्या चांदण्या एकत्र लावल्या, म्हणाली, "या लवकर काढायच्या." कुणीही न सांगता! त्या क्षणासाठी मी पन्नास करपलेल्या चांदण्या खायला तयार आहे.

आयसिंगचंही तसंच. पिठीसाखर आणि थोडं पाणी. निळा रंग आईने वाळवून ठेवलेल्या गोकर्णीच्या फुलांचा, गरम पाण्यात भिजवून काढलेला. त्यात लिंबाचे दोन थेंब पडले की निळ्याचा जांभळा होतो. हे कळल्यावर अर्ध्या वाटीचा रंग तिथेच संपला. पहिली कुकी गरम असतानाच रंगवली, सगळं आयसिंग वितळून ताटात. दुसरीच्या वेळी धाकटे साहेब प्रत्येक कुकीला गालाने चाचपून "थंड" असा शिक्का मारत होते.

इतकं सगळं छान चाललेलं असताना मी त्या हत्तीला हात लावला. का लावला?

उत्तर मला ऑफिसात सापडलं. माझ्या पहिल्या नोकरीत मी एक मॉड्यूल लिहिलं होतं, तीन आठवडे खपून. चालत होतं, पण गबाळं होतं. माझ्या टीम लीडने एका रात्रीत ते सगळं पुसून नव्याने लिहिलं. सकाळी म्हणाला, "जरा क्लीन केलंय." खोटं कशाला बोलू, त्याचा कोड माझ्यापेक्षा कितीतरी चांगला होता. पण मी ती फाइल पुन्हा कधी उघडली नाही. त्यात बग आला की मी म्हणायचो, "ते त्याचं आहे, त्याला विचारा." पुढचं वर्षभर मी काहीही लिहिताना आधी हाच विचार करायचो की हे तो कसं लिहील. त्याचा हेतू वाईट नव्हता. माझाही नव्हता. दोघांनाही वाटलं आपण मदत करतोय.

सहा वर्षांच्या मुलीने तेच एका वाक्यात सांगितलं: हा आता तुझा झाला.

आता नेहमीचे आक्षेप येतील, ते आधीच घेतो.

"आम्हा दोघांना नोकरी, वेळ कुठाय?" पीठ शनिवारी रात्री मळून फ्रीजमध्ये ठेवा, रविवारी कापा. वर्कशॉपला जायला-यायला, पार्किंगला आणि फोटोला जेवढा वेळ जातो, तेवढ्यात एक ट्रे होतो.

"पसारा होतो." होतो. आमच्याकडे मैदा पंख्याच्या पात्यावर सापडला, कसा ते विचारू नका. पण पुसायलाही मुलंच बसवा. तोही कामाचाच भाग आहे.

"ओव्हन नाही." आपल्याकडे ओव्हन होते कुठे? दिवाळीआधी लोक रवा, मैदा, तूप, साखर बेकरीत नेऊन द्यायचे आणि डबा भरून नानकटाई भाजून आणायचे. आजही जाड बुडाच्या कढईत मीठ तापवून, वर जाळी ठेवून, झाकण लावून होतं.

"भाजेल, पोट बिघडेल." हा आक्षेप मला मान्य आहे. ओव्हन आणि गरम ट्रे मोठ्यांकडेच. कच्चं पीठ चाटू द्यायचं नाही. अंडं नसलं तरी नाही, कारण कच्चा मैदाही निर्जंतुक नसतो. अमेरिकेत २०१६ साली मैद्यातून ई. कोलायची साथ पसरली होती. तुमचा हात तिथे हवा, रंगावर नको.

आणि शेवटचा आक्षेप, जो कुणी बोलून दाखवत नाही: "फोटो चांगला येत नाही." याला माझ्याकडे उत्तर नाही. ज्यांना फोटोसाठीच करायचंय त्यांनी वर्कशॉपला जावं. तिथे उजेड चांगला असतो.

'आमच्या वेळी सगळं किती छान होतं' म्हणणाऱ्यांतला मी नाही. लहानपणी दिवाळीत आम्हालाही "लुडबुड करू नका" म्हणून स्वयंपाकघरातून हाकललेलं आहे. करंजी तर कधी भरू दिली नाही, तळणात फुटेल म्हणून. पण शंकरपाळ्याच्या वेळी आजी पिठाचा एक गोळा आणि कातण हातात द्यायची. चौकोन, त्रिकोण, शेपूट असलेलं कायतरी, जे होईल ते. महत्त्वाचं म्हणजे ते त्याच घाण्यात तळलं जायचं आणि त्याच डब्यात जायचं. 'मुलांचे वेगळे' असा डबा नव्हता. पाहुण्यांच्या बशीत शेपटीवाला शंकरपाळा गेला तर आजी सरळ सांगायची, "हा आमच्या नातवाने कापलाय." तिने त्याची शेपूट छाटली असती तर मला आज तो आठवला असता का?

असो. त्या दिवशी भाचीला दुसरा हत्ती दिला. तिने तो पहिल्यापेक्षाही भयानक रंगवला. दोन डोळे, दोन्ही पोटावर. मी हात मागे बांधून उभा होतो. तिने तो स्वतः नेऊन आजीला भरवला, आणि आजीने डोळ्यांसकट खाल्ला.

बाकीच्या कुकीज डब्यात भरल्या. करपलेल्या चांदण्या, चिवट बदक, जांभळे मासे, सगळं आठवडाभरात फस्त झालं. काल रात्री डबा उघडला तर तळाशी एकच कुकी उरली होती. निळा हत्ती, डोळा जागच्या जागी, कडेने सुबक पांढरी रेघ.

चहाबरोबर खाल्ला. माझाच होता.