दंड त्याचा, भरते कोण?

पहिल्याच गुन्ह्यात सापडलेल्या पोराला कोर्टाने तुरुंगात न धाडता चांगल्या वागणुकीच्या हमीवर घरी सोडलं, की आईचा जीव भांड्यात पडतो. याला परिवीक्षा म्हणतात. 1958 चा कायदा आहे, आणि चांगलाच आहे. पण मैत्रिणींनो, त्याचं कलम 5 ठाऊक आहे? सोडताना नुकसानभरपाई आणि खटल्याचा खर्च भरायला लावण्याचा अधिकार कोर्टाला त्यात दिलाय.

हे पैसे भरतं कोण? आमच्या मांडव्यात तरी बायकाच. मासळीच्या पाटीतून, नाहीतर बचत गटाचं कर्ज काढून. शिवाय तारखेला अलिबाग गाठायचं म्हणजे दिवसाचा धंदा बुडाला, एसटीचं भाडं वेगळंच. ते कुठल्या आदेशात लिहिलेलं नसतं.

हमीची अट पहिल्यांदा मोडली तर कलम 9 प्रमाणे दंड जास्तीत जास्त 50 रुपये. हसू येतं ना? पण तो मुदतीत भरला नाही, तर मूळ गुन्ह्याची शिक्षा सुनावता येते!

ज्याचं नुकसान झालं त्याला भरपाई मिळायलाच हवी. चोरलेली जाळीही कुणा बाईच्याच घरची असते. पण घरची कमाई न विचारता खटल्याचा खर्च लावणं मला मुळीच पटत नाही. गरीब कैद्यांचा दंड भरायला केंद्राने 2023 मध्ये योजना आणली, पण ती तुरुंगातल्यांसाठी.

तेव्हा आदेश होण्याआधीच वकिलाला सांगून घरची मिळकत कोर्टापुढे मांडा. वकील परवडत नसेल तर अलिबागला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो.