हिस्लॉप यांची पायवाट

बेसा, पिपळा आणि मनीषनगर या नागपूरच्या दक्षिणेकडील वस्त्या गेल्या काही वर्षांत झपाट्याने वाढल्या असून या वार्तापत्राच्या अनेक परदेशस्थ वाचकांचे आईवडील आज तेथेच राहतात. तेथून वर्धा मार्गाने आणखी दक्षिणेला गेले की बुटीबोरी आणि टाकळघाट हा परिसर लागतो. याच टापूत ४ सप्टेंबर १८६३ रोजी मध्य भारताच्या भूगर्भाचा एक मोठा अभ्यासक, स्टीफन हिस्लॉप, पुराच्या पाण्यात मरण पावला. नागपूरकरांना हिस्लॉप हे नाव १८८३ साली स्थापन झालेल्या महाविद्यालयामुळे परिचित आहे. मात्र त्या नावामागे रानोमाळ हिंडणारा एक निसर्गवैज्ञानिक होता, याची आठवण मावळत चालली असल्याने या अंकात त्यांच्या जीवनकार्याचे स्मरण करणे उचित ठरेल.

स्कॉटलंडमधील डन्स या गावी ८ सप्टेंबर १८१७ रोजी जन्मलेले हिस्लॉप फ्री चर्चचे धर्मप्रसारक म्हणून १८४५ साली, म्हणजे नागपुरात भोसल्यांचे राज्य असताना, येथे आले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी शाळा सुरू केली. धर्मप्रसार हाच त्यांच्या येण्याचा हेतू होता आणि तो झाकून त्यांचे मूल्यमापन करता येणार नाही. परंतु त्या कामासाठी त्यांनी मराठी आत्मसात केली, गावोगाव प्रवास केला, आणि त्या प्रवासात पायाखालच्या दगडांकडे, तळ्यांतील जीवांकडे व रानातील माणसांकडे त्यांनी ज्या चिकाटीने पाहिले, तिच्यामुळे त्यांचे नाव विज्ञानाच्या इतिहासात नोंदले गेले.

नागपूरची भूमी अशा नजरेला भरभरून देणारी आहे, कारण येथे वेगवेगळ्या युगांतील खडक एकमेकांना येऊन भिडतात. पूर्वेला अतिप्राचीन पट्टिताश्म, म्हणजे प्रचंड उष्णता व दाब यांमुळे रूपांतरित झालेला पट्टेदार खडक आहे. उत्तरेला कामठीचा वालुकाश्म आहे. तर सीताबर्डीच्या टेकडीपासून पश्चिमेला सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी लाव्हारसापासून बनलेला दख्खनचा काळा पाषाण पसरलेला आहे. हा लाव्हा एकाच वेळी वाहिला नाही, तर एका प्रवाहानंतर दुसरा येईपर्यंत दीर्घ काळ लोटत असे आणि त्या अवधीत तळी साचत, त्यांच्या काठी झाडे वाढत व पाण्यात गोगलगायी नांदत. पुढचा प्रवाह आला की हे सारे त्याच्याखाली गाडले जाई. दोन लाव्हाप्रवाहांच्या मध्ये सापडणाऱ्या अशा गाळाच्या थरांना इंटरट्रॅपियन थर म्हणतात. हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी नागपूरलगतच्या टाकळी येथे या थरांतून शिंपले, फळे, बिया आणि कीटकांचे जीवाश्म, म्हणजे दगडात टिकून राहिलेले प्राचीन जीवांचे अवशेष, गोळा केले. लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या नियतकालिकात १८५५ साली त्या दोघांचा आणि १८६० साली एकट्या हिस्लॉप यांचा सविस्तर निबंध प्रसिद्ध झाला, व हे थर गोड्या पाण्याच्या तळ्यांत साचले होते हे त्यांतून पुढे आले.

कामठीच्या वालुकाश्मातून त्यांनी ग्लॉसोप्टेरिस या लुप्त वनस्पतीच्या जिभेच्या आकाराच्या पानांचे ठसे जमवले आणि चार्ल्स बनबरी यांनी १८६१ साली त्यांचे वर्णन केले. हीच वनस्पती आफ्रिका, दक्षिण अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथेही आढळल्याने हे भूखंड एकेकाळी जोडलेले असावेत असा विचार बळावला, गोंडांच्या भूमीवरून त्या प्राचीन महाखंडाला गोंडवन हे नाव मिळाले, आणि दक्षिण ध्रुवावरून परतताना १९१२ साली मरण पावलेल्या कॅप्टन स्कॉट यांच्या तुकडीच्या सामानातही याच वनस्पतीचे जीवाश्म निघाले. नागपूरच्या दक्षिणेकडील मांगली येथून मिळालेल्या एका प्राचीन उभयचर प्राण्याच्या कवटीचे वर्णन, डायनोसॉर ही संज्ञा देणाऱ्या रिचर्ड ओवेन यांनी केले. तर गोड्या पाण्यात वसाहत करून राहणाऱ्या एका सूक्ष्म जीवाला हेन्री कार्टर यांनी १८५८ साली हिस्लोपिया हे नाव दिले, जे आजही प्रचलित आहे.

त्यांचे कुतूहल खडकांपाशी थांबले नाही. गोंड समाजाची भाषा, चालीरीती आणि लिंगो या पुराणपुरुषाचे मौखिक गीत यांविषयी त्यांनी जमवलेली टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर, १८६६ साली, मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी संपादित करून प्रसिद्ध केली. हे गीत ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कंठात जपले त्या गायकांचे श्रेय या कामात पहिले आहे, कारण त्यांनी सांगितले नसते तर लिहून घेण्याजोगे काही उरलेच नसते.

टाकळघाटला हिस्लॉप गेले ते तेथील शिलावर्तुळे पाहण्यासाठी. मृताचे अवशेष, भांडी व लोखंडी वस्तू पुरून भोवती मोठ्या दगडांचे कडे रचण्याची ही प्रथा इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील होय. टेंपल यांचा मुक्काम बोरीला होता आणि तिकडे घोड्यावरून परतताना पावसाने फुगलेल्या नाल्यात हिस्लॉप बुडाले; त्यांना सेहेचाळीस वर्षे पूर्ण होण्यास चार दिवस उरले होते. त्याच टाकळघाट-खापा परिसरात पुढे शां. भा. देव यांनी १९६८-६९ मध्ये नागपूर विद्यापीठातर्फे उत्खनन करून विदर्भातील या संस्कृतीचे शास्त्रशुद्ध चित्र उभे केले.

परदेशी स्थिरावलेल्या मराठी माणसासाठी या चरित्राचा अर्थ स्पष्ट आहे. जन्मभूमीपासून हजारो कोस दूर आलेल्या एका माणसाने आपण जेथे राहतो ती भूमी पायी हिंडून, तिची भाषा शिकून आणि तिच्या लोकांना विचारून जाणून घेतली, तर त्या भूमीत जन्मलेल्यांना तिचा परिचय शाळेच्या पुस्तकापुरताच असावा, हे योग्य नव्हे. सुटीत मुलांना घेऊन बेसा येथे आजीआजोबांकडे जाणाऱ्या कुटुंबांनी एक सकाळ काटोल मार्गावरील जुनापाणीच्या शिलावर्तुळांसाठी आणि एक दुपार १८६३ सालीच स्थापन झालेल्या मध्यवर्ती संग्रहालयासाठी, म्हणजे नागपूरकरांच्या अजबबंगल्यासाठी, राखून ठेवावी. शहर जसजसे दक्षिणेला व पश्चिमेला पसरते तसतसे हे थर आणि ही वर्तुळे पायाभरणीखाली जाण्याचा धोका वाढतो, आणि ज्याचे मोल लोकांना ठाऊक असते त्याच्याच जतनासाठी लोक उभे राहतात. हेच आपल्या नव्या देशातील टेकड्या, नद्या आणि तेथील मूळ रहिवासी यांच्याबाबतही लागू आहे; राहत्या भूमीला जाणून घेणे हे तेथे राहणाऱ्या प्रत्येकाचे कर्तव्य आहे, मग तो तेथे जन्मलेला असो वा दुरून आलेला.