पन्नास रुपयांचे कलम

मोटारीचा विमा उतरविणाऱ्या ग्राहकापुढे आज मूळ हप्त्याच्या जोडीला 'ॲड-ऑन' संरक्षणांची एक लांबलचक यादी ठेवली जाते. घसारामुक्त भरपाई, इंजिनाचे संरक्षण, खरेदी किमतीची हमी, टायर, हरवलेली किल्ली, रस्त्यात बंद पडल्यास मदत, अशी एकेक कलमे आणि त्यांपुढे एकेक रक्कम. कर्ज काढून पहिली छोटी मोटार घेणारा शिक्षक वा कारकून या यादीपुढे गोंधळतो. भीतीपोटी तो सारेच घेतो, किंवा ही निव्वळ लूट आहे असे म्हणून सारेच नाकारतो. दोन्ही निर्णयांत हिशेबाला स्थान नसते.

विम्याचे मूळ तत्त्व सहकाराचे आहे. एकट्याला न पेलणारे संकट अनेकांनी थोडे थोडे देऊन वाटून घ्यावे, हे ते तत्त्व. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 146 व्या कलमाने थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला आहे तो याच भूमिकेतून. मोटारीच्या धक्क्याने जायबंदी होणाऱ्या पादचाऱ्याची भरपाई मालकाच्या ऐपतीवर अवलंबून राहू नये, हा त्यामागील हेतू. 1972 च्या कायद्याने सर्वसाधारण विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण झाले. 1999 च्या कायद्याने खाजगी कंपन्यांना पुन्हा वाट मोकळी झाली. आणि जानेवारी 2007 पासून स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीच्या विम्याचे दर नियंत्रणमुक्त झाले. ॲड-ऑनचा बाजार फुलला तो त्यानंतर. या बाजारात सहकाराचे तत्त्व कोठे शिल्लक आहे आणि कोठे केवळ विक्री आहे, हे ओळखण्याची कसोटी एकच: जे नुकसान घरखर्चातून सोसता येईल त्याचा विमा बहुधा महाग पडतो, जे नुकसान घर मोडील त्याचाच विमा उतरवावा.

घसाऱ्याचेच उदाहरण पाहावे. साध्या विम्यात प्लॅस्टिक व रबराच्या भागांवर 50 टक्के, दोन ते तीन वर्षे वयाच्या गाडीच्या धातूच्या भागांवर 15 टक्के घसारा कापला जातो. समजा, अशा गाडीच्या दुरुस्तीत बंपर 8,000 रुपयांचा, दार 10,000 रुपयांचे आणि रंगकाम 12,000 रुपयांचे आहे. बंपरवर 4,000 व दारावर 1,500 रुपये कापले जातात. रंगकामाचा चौथा हिस्सा साहित्याचा धरून त्याचा निम्मा, म्हणजे आणखी 1,500 रुपये जातात. एकूण 7,000. घसारामुक्त कलम घेतले तर हे 7,000 वाचतात. लहान गाडीवरील 1,000 रुपयांची सक्तीची कपात मात्र तशीच राहते. त्या कलमाचा जादा हप्ता वर्षाला 2,500 रुपये असेल, तर तीन वर्षांत असा एक अपघात होईल तेव्हा कोठे जमाखर्च जेमतेम जुळतो. शिवाय दावा केला की 'नो क्लेम बोनस' शून्यावर येतो. नव्या गाडीला, नवशिक्या चालकाला, शहराच्या गर्दीत हे कलम उपयोगी आहे. सावधपणे चालविलेल्या जुन्या गाडीला त्याची गरज नाही. किल्ली आणि टायर यांचे विमे तर या कसोटीवर क्वचितच टिकतील.

याउलट दोन कलमे गंभीर विचाराची आहेत. गाडी पुरात बुडाली तर सर्वंकष विम्यात भरपाई मिळते. परंतु पाणी शिरलेले इंजिन सुरू करू जाता निकामी झाले, तर ते 'परिणामी नुकसान' ठरवून दावा नाकारला जाऊ शकतो. 2005 ची मुंबई, 2019 चे सांगली-कोल्हापूर, 2021 चे चिपळूण पाहिलेल्या महाराष्ट्रात हा धोका ऐच्छिक यादीत ढकलणे अन्यायाचे आहे. पूरप्रवण भागांत तो मूळ विम्यातच समाविष्ट व्हावा, ही मागणी रास्त आहे. तोवर तेथील मालकाने हे कलम घ्यावे. दुसरे कलम खरेदी किमतीचे. आठ लाखांची गाडी दोन वर्षांनंतर चोरीस गेली, तर 30 टक्के घट धरून विमा 5 लाख 60 हजारांचा उरतो. बँकेचे कर्ज त्याहून अधिक शिल्लक असेल, तर गाडी जाऊनही हप्ते चालू राहतात. मोठ्या कर्जावर गाडी घेणाऱ्याला पहिल्या काही वर्षांत हे कलम आधार देऊ शकते.

आणि या साऱ्या यादीत एक कलम असे आहे, ज्याचा विक्रेता सहसा आग्रह धरीत नाही. पगारी चालकाला कामावर असताना इजा वा मृत्यू आला, तर मालकावर येणाऱ्या कायदेशीर जबाबदारीचे हे कलम. दरपत्रकात त्याचा हप्ता चालकामागे वर्षाला अवघा 50 रुपये राहिला आहे. मालक-चालकासाठी 15 लाख रुपयांचा वैयक्तिक अपघात विमा 2018 पासून आहे. पण तो मालकाचा आहे. त्याच आसनावर बसून दिवसभर त्याची गाडी हाकणाऱ्या नोकराला त्यातून एक पैसाही मिळत नाही. हजारो रुपये मोजून बंपर सुरक्षित करणारा मालक या 50 रुपयांपाशी अडखळत असेल, तर त्याला हिशेबही कळला नाही आणि माणूसही कळला नाही.

कार्यकर्त्यांनी येथे काम करण्याजोगे आहे. चालकांच्या वस्तीत, संघटनेच्या बैठकीत विम्याचा कागद उघडून वाचावा. आपल्या मालकाच्या पॉलिसीत हे कलम आहे काय, एवढा एकच प्रश्न प्रत्येक चालकाने विचारावा. ज्यांच्या स्वतःच्या दारात मोटार आहे आणि ती पगारी चालक चालवितो, त्या सहानुभूतीदारांनी नूतनीकरणाची तारीख येण्यापूर्वी आपली पॉलिसी आधी तपासावी.