'बिनविरोध' निवडीत बाई कुठे असते?

मैत्रिणींनो, इंजिनियरांच्या संस्थेचा अध्यक्ष कोण व्हावा, हा आपल्या अंकाचा विषय आहे का, असं तुमच्यापैकी काहीजणींना वाटेल. मलाही आधी तसंच वाटलं होतं. मी एम.एस.डब्ल्यू. केलेली, गेली बारा वर्षं पंचायतीत निवडून आलेल्या बायकांची शिबिरं घेणारी कार्यकर्ती. सिमेंट-लोखंडाशी माझा संबंध घराचा हप्ता भरण्यापुरता. पण गेल्या महिन्यात माझ्या एका मैत्रिणीच्या निमित्तानं मला कळलं की ग्रामसभेत जे चालतं तेच शिकल्यासवरल्या लोकांच्या सभेतही चालतं. फक्त तिथे खुर्च्यांना गाद्या असतात.

ही मैत्रीण सिव्हिल इंजिनियर. सकाळी सातला साइटवर हजर, स्लॅबच्या दिवशी रात्री अकरालाही तिथंच. आमच्या जिल्ह्याच्या गावी इंजिनियरांची एक जुनी संस्था आहे, तिची ती पंधरा वर्षांची सभासद. संस्थेच्या कार्यकारिणीची मुदत संपत आली तसा तिला फोन आला : "मॅडम, तुमचं नाव घेतलंय, महिला प्रतिनिधी म्हणून. नाही म्हणू नका." तिनं विचारलं, "सचिवपदासाठी माझा विचार करणार का?" पलीकडून हसून उत्तर आलं, "त्यात फार धावपळ असते हो, घर सांभाळून तुम्हाला कसं जमणार?"

चार मजले चढून जाऊन बार तपासणाऱ्या बाईला हे विचारलं गेलं!

ती मला विचारायला आली आणि मी काय म्हणाले सांगू? "घे की गं, निदान एक तरी बाई असेल तिथे." आपल्या तोंडात हे वाक्य किती तयार असतं! ती म्हणाली, "अगं, गेली तीन वर्षं मी आहेच की तिथे. अभियंता दिनाला, १५ सप्टेंबरला, विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार घालायला पाहुण्यांना बोलवायचं, त्यांना गुलाब द्यायचा आणि माइकवर निवेदन करायचं. एकदा मी विषय काढला की आपल्या सभासदांच्या साइटवर बाया डोक्यावर घमेली वाहतात, त्यांना संडास नाही, पोरं वाळूच्या ढिगावर झोपतात, यावर आपण एक चर्चासत्र घेऊ. तर म्हणाले, हा तांत्रिक विषय नाही."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बांधकाम कामगारांसाठीच्या १९९६ च्या केंद्रीय कायद्यानं सांगितलं होतं की पन्नासपेक्षा जास्त स्त्रिया कामाला असतील तिथे पाळणाघर हवं. संडास-मुतारीची सोय तर प्रत्येक साइटवर हवी. हे नकाशात, अंदाजपत्रकात कोण घालणार? इंजिनियरच ना! आणि इंजिनियरांनी कशाला 'तांत्रिक' म्हणायचं हे कोण ठरवतं? त्यांच्या संस्थांचे पदाधिकारी. व्याख्यानं कशावर व्हायची, सरकारी समितीवर कोणाचं नाव पाठवायचं, तरुण मुलामुलींपैकी कोणाला पुढे आणायचं, हे सारं त्या टेबलाभोवती ठरतं. म्हणून तो विषय आपला आहे.

आता ही निवड होते कशी, ते पाहा. घटनेत निवडणुकीची तरतूद आहे. पण तिथले ज्येष्ठ अभिमानानं सांगतात, "आमच्याकडे निवडणूक होतच नाही, सगळं बिनविरोध!" म्हणजे काय, तर चार-पाच माजी अध्यक्ष रात्री साडेआठला कुणाच्या तरी बंगल्यावर किंवा हॉटेलात बसतात आणि नावं काढतात. नावं सुचतात ती ओळखीतली. ओळखीतली म्हणजे त्याच कॉलेजातली, त्याच कंत्राटदारांच्या गोतावळ्यातली आणि खरं सांगायचं तर बहुतेकदा त्याच जातीतली. सर्वसाधारण सभेत फक्त टाळ्या वाजवायच्या. मतपेटीपर्यंत गोष्ट जातच नाही. निवड आधीच उरकलेली असते. आणि जिथे ती उरकते तिथे बाईला कोणी मुद्दाम हाकलत नाही, ती तिथे नसतेच. तिला कोणी विरोध केला असं दाखवताही येत नाही, कारण सगळंच बिनविरोध!

हे दुखणं केवळ आपल्या गावचं नाही. 'अमेरिकन सोसायटी ऑफ सिव्हिल इंजिनियर्स' ही संस्था १८५२ साली स्थापन झाली. नोरा स्टँटन ब्लॅच ही मुलगी १९०५ साली कॉर्नेल विद्यापीठातून सिव्हिल इंजिनियर झाली. स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढलेल्या एलिझाबेथ केडी स्टँटन यांची ही नात. संस्थेनं तिला कनिष्ठ सभासद करून घेतलं. पण कनिष्ठ सभासदत्वाला वयाची अट होती. ते वय उलटल्यावर वरच्या दर्जाचं सभासदत्व मिळालं तरच संस्थेत राहता येई. तिनं त्यासाठी अर्ज केला. तो नाकारला गेला आणि तिचं नाव यादीतून गेलं. १९१६ साली तिनं संस्थेवर दावा लावला. ती हरली.

पुढे १९२७ साली एल्सी ईव्ह्ज ही त्या संस्थेची पूर्ण दर्जाची पहिली स्त्री सभासद झाली. पहिल्या स्त्री अध्यक्ष, पॅट्रिशिया गॅलोवे, यायला २००४ साल उजाडलं. स्थापनेपासून दीडशे वर्षं! नोराला संस्थेनं २०१५ साली मानाचं 'फेलो'पद दिलं. तेव्हा तिला जाऊन चाळीसहून अधिक वर्षं झाली होती. लंडनची सिव्हिल इंजिनियरांची संस्था त्याहून जुनी, १८१८ सालची. तिथे जीन व्हेनेबल्स या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या २००८ साली.

नोराची गोष्ट मला महत्त्वाची वाटते ती यासाठी की तिला अडवलं ते वयाच्या आणि दर्जाच्या नियमानं. दिसायला सगळ्यांना सारखा नियम. पण पुढच्या पायरीवर कोणाला चढू द्यायचं हे आत बसलेल्यांच्या मर्जीवर. आजही "आधी सहसचिव, मग सचिव, मग उपाध्यक्ष, मग अध्यक्ष" अशी शिडी दाखवतात आणि म्हणतात, "या ना वर, कोणी अडवलंय?" पण शिडीची पहिली पायरी रात्री साडेआठच्या बैठकीत असेल आणि त्या वेळी बाई पोळ्या लाटत असेल, सासूला गोळ्या देत असेल, तर ती शिडी सगळ्यांसाठी आहे असं म्हणायचं का?

"लायक बायका आहेत कुठे?" हा दुसरा नेहमीचा सवाल. आपल्या देशात १९४३ साली ए. ललिता मद्रासच्या गिंडी कॉलेजातून इलेक्ट्रिकल इंजिनियर झाल्या. पंधराव्या वर्षी लग्न, अठराव्या वर्षी वैधव्य, पदरात तान्ही मुलगी. त्यांच्याबरोबरच्या पी. के. त्रेसिया पुढे केरळच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मुख्य अभियंता झाल्या. गिंडीच्या छापील प्रमाणपत्रावर 'तो' असंच लिहिलेलं होतं. या मुलींसाठी ते खोडून 'ती' करावं लागलं. ललितांना लंडनच्या इलेक्ट्रिकल इंजिनियरांच्या संस्थेनं १९५३ साली सहसभासद आणि १९६६ साली पूर्ण सभासद करून घेतलं. म्हणजे लायकीचा तुटवडा तेव्हाही नव्हता. प्रमाणपत्रावरचा 'तो' खोडायला एक रेघ पुरली. कार्यकारिणीतला 'तो' अजून खोडला जात नाही.

१९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीनं पंचायतीत एक तृतीयांश जागा बायकांना मिळाल्या, महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या. तेव्हाही "बायकांना काय कळतं" हेच ऐकलं. सरपंचपतीही पाहिले आणि त्यांना बाहेर बसवणाऱ्या सरपंच बायकाही पाहिल्या. कंपन्यांच्या २०१३ च्या कायद्यानं शेअर बाजारातल्या कंपन्यांना संचालक मंडळावर निदान एक स्त्री घ्यावी लागते. पण आपल्या नोंदणीकृत संस्थांवर, मग ती इंजिनियरांची असो की डॉक्टरांची, अशी सक्ती नाही. नवे पदाधिकारी आले की ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदल अर्ज भरायचा, एवढंच. त्या अर्जात बायका किती, हे कोणी विचारत नाही.

मग करायचं काय? माझ्या मते एका बाईची भर घालून भागणार नाही. एकटी बाई शोभेची होते. दोघी-तिघी असल्या की कुजबुज थांबून चर्चा सुरू होते. नावं सुचवणाऱ्या समितीतच निम्म्या बायका हव्यात, कारण खरी निवड तिथे होते. पदासाठी काय पात्रता हवी ते आधी लेखी जाहीर व्हावं. पद रिकामं होणार हे प्रत्येक सभासदाला पत्रानं कळावं. बैठकी संध्याकाळी सहाच्या आत, संस्थेच्याच जागेत व्हाव्यात. कोणीही एका पदावर सलग दोन मुदतींपेक्षा जास्त राहू नये. आणि निवडणूक झाली तर ती भांडण मानू नये. मत देणं हा सभासदाचा हक्क आहे, तो काही संस्थेच्या अब्रूला डाग नाही.

आता एक प्रश्न आपल्यालाच. आपल्या स्त्री-संघटनांमध्ये तरी विश्वस्त कसे निवडले जातात? ज्या ताईंनी संस्था काढली त्याच वर्षानुवर्षं अध्यक्ष, आणि वस्तीतली कार्यकर्ती कायम 'कार्यकर्ती'च, असं आपल्याकडेही होतंच ना? आपणही 'एकमतानं' हा शब्द फार सहज वापरतो. इंजिनियरांना विचारायचं ते आधी स्वतःला विचारायला हवं.

मैत्रिणीचं काय झालं, हे राहिलंच. तिनं 'महिला प्रतिनिधी' व्हायला नकार दिला आणि सचिवपदासाठी अर्ज भरला. सूचक मिळाली, तिच्याच कॉलेजातली एक प्राध्यापिका. अनुमोदक मिळायला आठ दिवस लागले. शेवटी एका निवृत्त शाखा अभियंत्यानं सही केली. तेव्हापासून तिला रोज फोन येताहेत : "मॅडम, आपली परंपरा मोडू नका, अर्ज मागे घ्या."

अर्ज मागे घ्यायची मुदत पुढच्या शनिवारी संपते. ती घेणार नाही असं म्हणते. निवडून येईल का, सांगता येत नाही. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या संस्थेत मतपत्रिका छापाव्या लागतील, आणि त्यावर एका बाईचं नाव असेल.