घाटेअळी दिसली? पंप उचलण्याआधी मोजा!

हरभरा फुलोऱ्यात आला की गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भोक पडलेल्या घाट्यांचे फोटो फिरू लागतात. खाली प्रश्न ठरलेला : 'कोणतं औषध मारू?' औषधांची नावं मिनिटभरात येतात. पण शेतात अळ्या किती आहेत, हे कुणी विचारत नाही. आधी विचारायला हवं ते हेच.

ही अळी कोणती?
हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा या पतंगाची. हरभऱ्यावर ती घाटेअळी, तुरीवर शेंगा पोखरणारी अळी, कपाशीवर हिरवी बोंडअळी. नावं वेगळी, कीड एकच. लहान अळी पानं खरवडते. मोठी अळी घाट्यात डोकं खुपसून दाणे खाते. एक अळी साधारण ३० ते ४० घाट्यांचं नुकसान करते.

मग लगेच फवारलं तर काय बिघडलं?
खर्च वाढतो आणि अळ्या खाणारे मित्रकीटकही मरतात. शिवाय तेच ते औषध वारंवार मारलं की अळी त्याला दाद देईनाशी होते. पायरेथ्रॉइड गटातल्या औषधांबाबत भारतात हे १९८०च्या दशकातच दिसलं.

मोजायचं कसं?
एकरी २ कामगंध सापळे लावा. सलग २-३ दिवस एका सापळ्यात ८ ते १० पतंग सापडले किंवा ओळीच्या एका मीटरमध्ये १-२ अळ्या दिसल्या, तर उपाय करायची वेळ झाली. त्याआधी फुलोऱ्याच्या सुरुवातीला ५ टक्के निंबोळी अर्क आणि शेतात पक्षीथांबे. अळ्या लहान असतील तर एचएएनपीव्ही हे विषाणूजन्य कीटकनाशक चालतं. ते संध्याकाळी फवारावं, कारण उन्हात विषाणू टिकत नाही.

सरकारने काय करावं?
राज्यात २००९-१० पासून 'क्रॉपसॅप' प्रकल्पात किडींच्या नोंदी घेऊन सल्ले दिले जातात. या सल्ल्याबरोबर आपल्या गावच्या सापळ्यातला आकडाही दर आठवड्याला शेतकऱ्याच्या मोबाइलवर यायला हवा. 'फवारा' सांगणारे पुष्कळ आहेत. 'अजून थांबा' हे खात्रीने सांगायचं तर हातात आकडाच लागतो.

तोवर ग्रुपवर फोटो टाकताना एवढं करा : शेतात पाच-सहा ठिकाणी मीटरभर ओळ तपासा आणि सापडलेल्या अळ्यांची संख्याही लिहा. उत्तर देणाऱ्यालाही मग औषधाचं नाव सांगण्याआधी विचार करावा लागेल.