दाता फक्त पुरुषच का?



२०२० साली करोनाची साथ ऐन भरात असताना रक्तद्रवाच्या दात्यांसाठी ठिकठिकाणी आवाहने निघाली. महाराष्ट्र शासनाने २९ जून २०२० रोजी ‘प्लॅटिना’ हा रक्तद्रव-उपचाराचा मोठा प्रकल्प सुरू केला. पुढे ऑगस्ट-सप्टेंबरात आपल्या कोल्हापुरातही साथीने उग्र रूप धारण केले आणि आजारातून बरे झालेल्यांनी पुढे यावे अशा विनंत्या फोनवरून फिरू लागल्या. काही विनंत्यांत रक्तगट, वय व वजन यांच्या जोडीला आणखी एक अट असे : दाता पुरुष असावा. कारण मात्र दिलेले नसे.

ही अट शास्त्राने घातली की समाजाने? माझे मत असे, की अटीमागचे शास्त्र खरे होते. पण आवाहनातला शब्द चुकीचा होता, आणि चुकीच्या शब्दाचे परिणाम साथीपेक्षा जास्त काळ टिकतात.

आधी शास्त्र पाहू. रक्तातील पेशी वेगळ्या काढल्या की जो पिवळसर द्रव उरतो तो रक्तद्रव, म्हणजेच प्लाझ्मा. (भौतिकीच्या तासाला आपण ज्या तप्त, आयनयुक्त वायूला प्लाझ्मा म्हणतो, त्याच्याशी याचे केवळ नावाचे साम्य.) रोगाशी झुंजताना शरीर जी प्रतिपिंडे तयार करते ती या द्रवात असतात. बऱ्या झालेल्या माणसाची प्रतिपिंडे आजारी माणसाला द्यावीत, ही त्या उपचारामागची कल्पना.

परंतु रक्तद्रवात केवळ करोनाचीच प्रतिपिंडे नसतात. आपल्या बहुतेक पेशींवर ‘एचएलए’ नावाच्या खुणा असतात. गर्भाच्या अशा निम्म्या खुणा पित्याकडून आलेल्या, म्हणून आईच्या शरीराला परक्या. गर्भारपणात व प्रसूतीच्या वेळी बाळाचे थोडेसे रक्त आईच्या रक्तात मिसळते आणि काही स्त्रियांच्या शरीरात या परक्या खुणांविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. ती कित्येक वर्षे टिकू शकतात. खुद्द आईला त्यांचा त्रास नसतो. मात्र तिचा रक्तद्रव दुसऱ्याला दिला, तर क्वचित ही प्रतिपिंडे त्या रोग्याच्या पांढऱ्या पेशींना चिकटतात, फुप्फुसातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरू लागतो आणि सहा तासांच्या आत रोग्याला श्वास घेणे कठीण होते. हा विकार विरळा, पण प्राणघातक ठरू शकतो. ब्रिटनमध्ये २००३ पासून रोग्यांसाठी शक्यतो पुरुषांचाच रक्तद्रव वापरण्याचे धोरण आले आणि तेथे या विकाराचे प्रमाण स्पष्टपणे घटले. करोनाच्या रोग्याची फुप्फुसे तर आधीच दुखावलेली. तेव्हा डॉक्टरांनी सावधगिरी बाळगली, यात त्यांना दोष देता येणार नाही.

आता आकडे पाहा. अमेरिकेत सुमारे आठ हजार रक्तदात्यांची तपासणी करून २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कधीही गर्भधारणा न झालेल्या स्त्रियांपैकी १.७ टक्क्यांत ही प्रतिपिंडे आढळली. पुरुषांतही प्रमाण जवळजवळ तेवढेच होते. एका गर्भधारणेनंतर ते ११.२ टक्के झाले, दोन गर्भधारणांनंतर २२.५ टक्के. म्हणजे फरक स्त्री आणि पुरुष यांच्यात नाही. तो गर्भधारणा झालेली व न झालेली यांच्यात आहे. शिवाय दोनदा गर्भधारणा झालेल्या शंभर स्त्रियांपैकी सत्त्याहत्तरांच्या रक्तात ही प्रतिपिंडे नव्हतीच!

भौतिकीत आपण एक शिस्त पाळतो : जी राशी मोजायची तीच मोजावी. येथे मोजायची राशी होती प्रतिपिंडे. त्यांची तपासणी करता येते, पण ती खर्चाची आणि सर्वत्र उपलब्ध नसलेली. म्हणून ‘गर्भधारणा’ ही तिची खूण मानली गेली. इथवर ठीक. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० साली ३९ रुग्णालयांतील ४६४ रोग्यांवर जी चाचणी घेतली, तिच्या नियमांतही पुरुष आणि अपत्यजन्म न झालेल्या स्त्रिया असे दोन्ही दाते मान्य होते. आवाहन लिहिणाऱ्याच्या हातून मात्र दुसरा गट गळून पडला आणि उरला तो ‘पुरुष’ हा एकच शब्द.

त्या चाचणीत या उपचाराने मृत्यू कमी होत असल्याचे दिसले नाही, आणि मे २०२१ मध्ये तो अधिकृत उपचारपद्धतीतून वगळण्यात आला. उपचार गेला, पण ‘बाईचे रक्त चालत नाही’ हा समज मागे राहण्याचा धोका आहे. विटाळाची कल्पना ज्या समाजात अजून पुरती गेलेली नाही, तेथे अशा समजाला मुळे धरायला वेळ लागत नाही. वस्तुतः नेहमीच्या रक्तदानाला आई असणे ही आडकाठी नाही. गर्भारपण, प्रसूतीनंतरचे वर्ष व अंगावर पाजण्याचा काळ वगळला, की आईही रक्त देऊ शकते. तिच्या तांबड्या पेशी रोग्याला देता येतात आणि रक्तद्रव वेगळा काढता येतो. पुरुषाने ९० दिवसांनी पुन्हा रक्त द्यावे, स्त्रीने १२० दिवसांनी, एवढाच फरक.

आणि या प्रतिपिंडांना दोष तरी का मानावे? १९५८ साली नेदरलँड्समध्ये व्हान रूड यांना आणि अमेरिकेत रोझ पेन यांना ती मातांच्याच रक्तात सापडली. एचएलए खुणा ओळखण्यासाठी प्रयोगशाळांनी पुढे अनेक वर्षे मातांचे रक्तच वापरले, आणि मूत्रपिंडरोपणात दाता व रोगी यांची जुळणी करणे त्यामुळे साधले. एका रोग्याला जे अपायकारक ठरू शकते, त्यानेच हजारो रोग्यांना जीवदान मिळण्यास मदत केली.

खरी आडकाठी दुसरीकडे आहे. रक्तदानासाठी शंभर मिलिलिटर रक्तात किमान १२.५ ग्रॅम हिमोग्लोबिन लागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. पुरुष २५ टक्के. मासिक पाळी व बाळंतपण यांत लोह खर्ची पडते हे खरे. पण घरात सर्वांत शेवटी, उरलेसुरले जेवणारी कोण असते, हेही आपण जाणतो. रक्तपेढीच्या दारातून मुलगी परत फिरते, तेव्हा तो निकाल पुष्कळदा तिच्या ताटातच आधी लागलेला असतो.

म्हणून दोन गोष्टी सुचवतो. आवाहन लिहिताना खरी अट लिहावी, आणि गर्भधारणेचा प्रश्न चारचौघांत न विचारता रक्तपेढीत खाजगीत विचारावा. कारण गर्भपात झालेल्या स्त्रीलाही ती अट लागू पडते आणि तिचे दुःख हा चर्चेचा विषय नव्हे. दुसरे, शिक्षकांनी शाळेतील मुलींचे हिमोग्लोबिन तपासून घ्यावे आणि लोहाची गोळी खरोखर पोटात जाते की नाही हे पाहावे. आज नववी-दहावीत असलेल्या मुली चार वर्षांत अठरा ओलांडतील. त्या रक्तदान शिबिराला येतील तेव्हा त्यांना ‘तुम्ही चालत नाही’ असे ऐकावे लागू नये. आणि तशी वेळ आलीच, तर त्यांनी न संकोचता विचारावे : का?