‘बोलते व्हा’ म्हणता, पण ऐकणार कोण?

जानेवारी आला की महाविद्यालयांच्या फाटकावर फलक लागतात. 12 तारखेपासून राष्ट्रीय युवा सप्ताह, जोडीला रस्ता सुरक्षा अभियान, कुठे मॅरेथॉन, कुठे योग शिबिर, आणि हल्ली आत्महत्या प्रतिबंधावर एक व्याख्यान. हेल्मेट घाला, पहाटे धावा, सकारात्मक विचार करा, मनातले बोला.

हेल्मेटबद्दल तक्रार नाही, हेल्मेट जीव वाचवते. पण रस्त्यावर पोरगा गेला तर निदान खड्डा कुणाचा, ट्रक कुणाचा हे विचारले जाते. वसतिगृहात पोरगा गेला की तपासले जाते फक्त त्याचे मन. कमजोर होता म्हणे.

याच युवा सप्ताहात 17 जानेवारी येते. 2016 साली त्या दिवशी रविवार होता. सकाळी मुंबई मॅरेथॉन धावली आणि संध्याकाळी हैदराबाद विद्यापीठातून रोहित वेमुला गेल्याची बातमी आली. त्याची फेलोशिप कित्येक महिने बंद होती, चार सोबत्यांसह त्याला वसतिगृहाबाहेर काढले होते. त्याला पहाटे धावायला सांगून काय झाले असते? पुढे 2019 मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी, 2023 मध्ये आयआयटी मुंबईत दर्शन सोळंकी. दोन्ही कुटुंबांनी जातीय छळाचा आरोप केला. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे 2022 या एका वर्षात देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि राज्यांत महाराष्ट्र पहिला. अहवालात वय आहे, लिंग आहे, शिक्षण आहे. जातीचा रकाना नाही.

म्हणून युवा सप्ताहाच्या आयोजकांना माझे साधे प्रश्न आहेत. तुमच्या संस्थेत किती मुलांची शिष्यवृत्ती अडकली आहे? यूजीसीच्या 2012 च्या नियमांनुसार भेदभावाच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी नेमायचा होता. तो कोण, कुठे बसतो, मुलांना ठाऊक आहे का? खानावळीचे पैसे थकलेल्या मुलाला ‘तणावाचे व्यवस्थापन’ शिकवणे ही थट्टा आहे. बार्टीच्या संशोधकांना हक्काच्या फेलोशिपसाठी आझाद मैदानावर बसावे लागले, तेव्हा तणाव मनातून आला होता की मंत्रालयातून?

आता थोडे आपल्या घरातले.

6 डिसेंबर, 1 जानेवारी, 3 जानेवारी. थंडीत सर्वात जास्त माणूस आपण जमवतो. पुस्तके, भोजनदान, रक्तदान, नेत्रतपासणी, सगळे असते. 2017 मध्ये ओखी वादळाच्या पावसाने शिवाजी पार्क चिखलमय झाले, तेव्हा अनुयायांची सोय शाळांमध्ये झाली. म्हणजे उघड्यावरच्या माणसाची काळजी घ्यायची म्हटली तर घेता येते. पण मनाने उघड्यावर पडलेला पोरगा आपल्याकडे आला की आपण म्हणतो, “बाबासाहेबांनी एवढं सोसलं, आणि तू एवढ्यात खचलास?” वस्तीत काम करताना हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकले आहे. ते ऐकलेला मुलगा पुन्हा तोंड उघडत नाही.

बडोद्यात पारशी खानावळीतून हाकलले गेल्यावर आपण रडलो, हे बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये स्वतः लिहून ठेवले आहे. त्यांनी दोन मित्रांकडे आसराही मागितला. एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही दिला नाही. मग मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते बागेत बसून राहिले. कोलंबियातून शिकून आलेला माणूस बोलता झाला होता! दारे बंद करणारे दुसरे होते. खंबीरपणाचा उपदेश करताना हा प्रसंग आपण सोयीने गाळतो.

आणि 17 जानेवारीच्या आपल्या फलकांवर ‘शहीद’ लिहिणेही थांबवा. ही संस्थात्मक हत्या आहे असे आपण म्हणतो ना? मग मरणाला हौतात्म्य करून, आत आधीच झुंजत असलेल्या मुलासमोर ती वाट उजळू नका. रोहितचा अभ्यास सांगा, त्याची संघटना सांगा.

आमच्या विहारात यंदा 17 तारखेला भाषण नाही. दोन टेबले असतील. एका टेबलावर स्वाधार आणि शिष्यवृत्तीच्या अडकलेल्या अर्जांचा पाठपुरावा होईल, पासबुक आणि जातीच्या दाखल्याची झेरॉक्स आणा. दुसऱ्यावर कार्यकर्ते ऐकायला बसतील, टेलिमानसचा 14416 हा चोवीस तासांचा मोफत क्रमांक लावून देतील, तिथे मराठीत बोलता येते. कुणाला नुसतेच बसायचे असेल तरी या, चहा आहे.

जय भीम.